ओर्लिंडाचं नकोपत्र

ओर्लिंडा तफोयाला आमच्या खोऱ्यात दोन कामांसाठी बोलवत. कुणी मेलं की मयताच्या घरी जपमाळ धरून प्रार्थना सांगायला, आणि कुणाच्या घरचं माणूस कोठडीत गेलं की त्याला वकील मिळवून द्यायला. दोन्हीकडे ती त्याच काळ्या स्वेटरमध्ये हजर. मी तिला म्हणायचे, "अगं बाई, एका कामाला तरी रंगीत काहीतरी घाल. लोकांना कळू दे माणूस मेलंय की नुसतं पकडलंय." ती म्हणायची, "आमच्या गावात दोन्हीला सारखंच रडतात, व्हायोला. दोन स्वेटर कशाला?"

मी व्हायोला. काउंटी कोर्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले. अर्ज घ्यायचा, वाचायचा, तारखेचा शिक्का मारायचा, आत पाठवायचा, एवढंच माझं काम. तोंडाची मी फटकळ, हे न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागातला कुठलाही वकील तुम्हाला सांगेल. आणि ओर्लिंडा माझ्या खिडकीच्या पलीकडची. सरकारी बचाव वकिलाच्या ऑफिसातली लेखनिक. ते ऑफिस म्हणजे जुन्या पोस्टाशेजारच्या दोन खोल्या, त्यात एक गळकी शेगडी आणि एक वकील. वकील दर तीन वर्षांनी बदलायचा. बाहेरून कुठून तरी नवं पोरगं यायचं, दीडशे खटले अंगावर घेऊन वाळायचं, आणि मोठ्या शहरात निघून जायचं. राहायची ती ओर्लिंडा. खरं ऑफिस तीच चालवायची, हे जजनाही माहीत होतं.

तिचा नवरा फेर्मिन खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. पाटाच्या पलीकडे मातीच्या विटांचं घर, मागे जर्दाळूची तीन झाडं, एक आंधळी कुत्री. फेर्मिनच्या मागं नऊ दिवस ती चुलीपुढून उठली नव्हती. तेव्हा शेजारची क्लेओफास आर्चुलेता रोज येऊन तिच्याजवळ बसली. बोलली नाही, समजूत घातली नाही, नुसती लाल मिरचीचा रस्सा आणि रोटी पुढं ठेवून बसून राहिली. दहाव्या दिवशी म्हणाली, "चल ऊठ, अंघोळ कर, घाण वास येतोय तुझा." ओर्लिंडा उठली. पुढच्या महिन्यात वकिलाच्या ऑफिसात टंकलेखनाला लागली. हे सगळं तिनंच मला सांगितलंय, आणि सांगताना दर वेळी हसायची.

आता ते नकोपत्र म्हणजे काय, ते सांगते. आमच्या जिल्ह्यात जज तीन. कुठला खटला कुणाकडे, ते मशीन ठरवतं. पण आरोपीला एकदा आणि सरकारी वकिलाला एकदा म्हणता येतं, "हा जज नको." कारण द्यावं लागत नाही. एक ओळीचा कागद असतो. वकील लोक त्याला मोठं नाव देतात, आम्ही खिडकीतल्या बायका नकोपत्र म्हणायचो. मात्र जजचं नाव कळल्यापासून दहा दिवसांत ते माझ्या खिडकीत आलं पाहिजे, शनिवार-रविवार धरून. अकराव्या दिवशी आणलंत तर त्या कागदाची किंमत शून्य. आणखी एक अट आहे. ज्या जजकडे तुम्ही त्याच्या मर्जीतलं काही एकदा मागितलंत, त्याला मग नको म्हणता येत नाही. आधी चाखून बघायचं आणि मग ताट सरकवायचं, हे चालत नाही. तुम्ही मागितलंत, म्हणजे तुम्ही त्याला आपला जज मानलात.

ही अट मला शिकवली कुणी? ओर्लिंडानं! मी नवीन होते तेव्हा खिडकीत कोपरं टेकून तिनं मला अर्धा तास समजावलं होतं.

दहा दिवस असले तरी कुणी पहिल्या दिवशी नकोपत्र देत नसे. बाहेरचे पोरगे वकील द्यायचे आणि फसायचे. कारण तुम्ही तुमचं नकोपत्र वापरलंत की खटला दुसऱ्या जजकडे जातो. तो जज सरकारी वकिलाला पटला नाही की तो आपलं नकोपत्र काढतो, आणि मग उरतो तिसरा, तो कसाही असो. म्हणून दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचे. समोरच्यानं आधी वापरावं म्हणून. ओर्लिंडा नवव्या दिवशी यायची, चार वाजता, खिडकी बंद व्हायच्या अर्धा तास आधी. दहाव्या दिवसावर तिचा विश्वास नव्हता. दहाव्या दिवशी बर्फ पडतो, गाडी बंद पडते, माणूस मरतं, असं म्हणायची. तिच्या टेबलामागं चाऱ्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर लाल पेन्सिलीनं ती रोज एकेक दिवस खोडायची. बत्तीस वर्षांत एकही नकोपत्र तिच्याकडून चुकलं नव्हतं. एकही नाही, मी साक्षीला आहे.

आणि तिची दुसरी ख्याती अशी, की कोठडीतल्या माणसाच्या घरी मयत झालं तर ओर्लिंडा त्याला मातीला आणणारच. दोन तासांची परवानगी मागायची, शेरीफच्या शिपायांशी बोलून ठेवायचं, बेड्यांवरून कोट कसा टाकायचा तेही तिला माहीत. आमच्याकडे ज्याला वाढवलं त्यानं खांदा दिला नाही तर मयताची फार हेळसांड झाली असं मानतात. वर्षानुवर्षं लोक त्यावरून बोलतात. ओर्लिंडानं किती घरांची लाज राखली असेल, तिलाच ठाऊक.

देमेत्रिओ आर्चुलेता हा त्याच क्लेओफासचा नातू. आई त्याला दोन वर्षांचा टाकून डेन्व्हरला गेली ती गेलीच. क्लेओफासनं वाढवला. एकोणतिशीचा होता, जळाऊ लाकडं विकायचा, स्वतःची पिकअप, तीन वर्षांची मुलगी आणि तिची आई असा संसार होता. वाईट माणूस नव्हता. पण ऑक्टोबरात चुलतभावाकडे डुक्कर मारायचा सण होता, तिथं सकाळपासून बिअर, आणि तिन्हीसांजेला हा शहाणा पिकअप घेऊन निघाला. वळणावर उबाल्दो चावेस गाडीचं चाक बदलत वाकला होता. तीस वर्षं शाळेची बस चालवून नुकताच घरी बसलेला माणूस! जागच्या जागी गेला. देमेत्रिओ पळाला नाही. अँब्युलन्सवाले आले तेव्हा तो उबाल्दोच्या डोक्याखाली आपलं जाकीट घालून रस्त्यावर बसला होता, आणि परत परत विचारत होता, "उठतील ना हे?"

मला त्याची कीव येते, आणि रागही येतो. उबाल्दोनं माझ्या दोन्ही मुलांना शाळेत नेलं होतं.

देमेत्रिओ कोठडीत गेला, आणि मशीननं खटला दिला जज हार्गिसला. झालं! दारू पिऊन माणूस मारला असेल तर आमच्याकडे पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किती द्यायची ते जजच्या हातात. जज मोंतान्योबाईंनी तशाच एका खटल्यात सहा दिली होती, बाकीची बाहेर देखरेखीखाली. हार्गिसनी आजवर एकालाही पंधराच्या खाली सोडलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ असाच रस्त्यावर दारुड्याच्या गाडीखाली गेला होता, सामना बघून पायी घरी येताना. ते हे लपवत नसत. एरवी माणूस सभ्य, खिडकीतल्या आम्हा बायकांना नाताळात आक्रोड पाठवायचा. पण त्या एका गुन्ह्यापुढं त्यांचं काळीज दगडाचं.

म्हणजे पंधरा की सहा, देमेत्रिओची मुलगी नऊ वर्षांची असताना बाप घरी येणार की अठराची असताना, हे सगळं त्या एका ओळीच्या कागदावर होतं.

जजचं नाव कळलं डिसेंबरातल्या एका बुधवारी. ओर्लिंडानं कागद गुरुवारीच तयार केला. वकील होता केलर नावाचा, नाकावर घाम येणारा पोरगा, त्याची सही घेतली आणि पिशवीत ठेवला. मला येताजाता म्हणाली, "शुक्रवारी येते गं." म्हणजे पुढचा शुक्रवार, नववा दिवस. सरकारी वकीलबाईला मोंतान्यो आवडत नसे, तिनं आपलं नकोपत्र आधी वापरून टाकावं, म्हणजे मोंतान्योबाईंना नको म्हणायला तिच्याकडे काही उरू नये, म्हणून ओर्लिंडा वाट बघत होती. क्लेओफास त्या आठवड्यात दोनदा तिच्या ऑफिसात येऊन गेली. ऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत. विचारायची, "कागद दिलास का?" ओर्लिंडा म्हणायची, "देते. तू घरी जाऊन निवांत झोप. हे माझं काम आहे."

मंगळवारी पहाटे क्लेओफास गेली. झोपेतच.

बुधवारी अकराच्या सुमाराला ओर्लिंडा माझ्या खिडकीत आली. डोळे सुजलेले, केसांत चुलीची राख. रात्रभर मयताच्या घरी होती. कपबशा, रस्सा, खुर्च्या, सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं, कारण क्लेओफासला दुसरं होतं कोण? केलर तिकडे दुसऱ्या गावात खटल्यात उभा, त्याचा फोन बंद. पण बारीकसारीक कामांसाठी तो सह्या करून कागद ठेवून जायचा. त्यातलाच एक तिनं भरला होता. खिडकीखालून सरकवला आणि म्हणाली, "माती उद्या दहाला. लवकर आत पाठव गं बाई, शेरीफला कळवायचंय अजून."

मी वाचला. देमेत्रिओ आर्चुलेता यास आजीच्या अंत्यविधीसाठी दोन तासांची परवानगी मिळावी ही विनंती. वर लिहिलं होतं, जज हार्गिस यांच्या कोर्टात.

माझा हात शिक्क्यासकट हवेत थांबला. सातवा दिवस होता. नकोपत्र अजून आलेलं नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? परवानगी देणं न देणं ही जजची मर्जी. हा कागद आत गेला की हार्गिस कायमचे देमेत्रिओचे जज. आधी नकोपत्र द्यायचं आणि मग नव्या जजकडे मागायचं, तर नवा जज नेमायला मशीनला दोन दिवस लागतात, आणि माती तर उद्या. म्हणजे दोन्हीतलं एकच होणार होतं.

माझ्या मागं भिंतीवर पाटी होती, इथले कर्मचारी कायद्याचा सल्ला देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्याला "आजोबा, उद्या आणा, आज नको" एवढंच म्हटलं होतं, तर मला लेखी समज मिळाली होती. पुन्हा झालं तर घरी. पेन्शनला माझे चौदा महिने बाकी होते. आणि शेजारच्या खिडकीत लुपे कान टवकारून बसलेली. हे सगळं मी आता सांगतेय, तेव्हा एवढं डोक्यात आलंही नसेल. मी भ्याले, एवढंच खरं. एरवी जिच्या तोंडाला कोर्ट घाबरतं, ती मी भ्याले. मला माझी नोकरी प्यारी होती.

मी ओर्लिंडाकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"मार, व्हायोला," ती म्हणाली. "तिकडं मयत ताटकळलंय."

मी शिक्का मारला.

हार्गिसनी तासाभरात परवानगी दिली. दोनऐवजी तीन तास दिले, रस्त्यावर बर्फ आहे म्हणून. शिपायांना सांगितलं, कबरीपाशी हातातल्या बेड्या काढा, पायातल्या राहू द्या. चांगुलपणाच केला त्यांनी, नाही कशाला म्हणू?

मातीला अख्खं खोरं लोटलं होतं. जमीन गोठलेली, पोरांनी पहारीनं खणली होती. देमेत्रिओ पायांतल्या साखळीमुळं मुंगीच्या पावलानं चालत होता, म्हणून बाकीचे पाच खांदेकरीही तसेच चालले. दरवाजापासून कबरीपर्यंत पाऊण तास लागला. कुणी घाई केली नाही. ओर्लिंडा पुढं, जपमाळ घेऊन, तिचा आवाज कधी नव्हे तो फाटत होता. मूठभर माती टाकताना देमेत्रिओ वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेवटी एका शिपायानंच त्याला काखेत धरून उठवलं. क्लेओफासची बहीण एउलालिया सगळ्यांसमोर ओर्लिंडाच्या पाया पडायला निघाली. "माझ्या बहिणीचं सोनं केलंस गं तू," म्हणून गळ्यात पडली. मी लांब उभी होते. मला तिथं उभं राहवत नव्हतं.

शुक्रवारी, नवव्या दिवशी, चार वाजता, ओर्लिंडा नकोपत्र घेऊन आली. नेहमीसारखी. मी शिक्का मारला. आम्ही दोघी हवापाण्याचं बोललो, काय बोललो देव जाणे.

सोमवारी सरकारी वकीलबाईचा एका पानाचा कागद आला. आरोपीनं बुधवारी याच जजकडे परवानगी मागितली आहे आणि घेतलीही आहे, सबब आता नको म्हणता येणार नाही. हार्गिसनी खाली दोन ओळी लिहिल्या. हक्क संपला आहे. खटला माझ्याकडेच राहील.

केलर ऑफिसात ओरडला. मग खाली बसला. मग म्हणाला, "ओर्लिंडाबाई, चूक माझी. कोऱ्या कागदांवर सह्या करून मी गेलो." पोरगा भला होता, पण भलेपणानं काय होतंय! वरच्या कोर्टात गेला, ओर्लिंडानं शपथेवर लिहून दिलं की दोष माझा आहे, आरोपीला यातलं काही माहीत नव्हतं. वरून उत्तर आलं, पक्षकार आपल्या वकिलाच्या कागदानं बांधलेला असतो. त्या दिवसापासून तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं आणि दिवस वहीत लिहू लागली. तिला त्या लाल खुणा बघवत नव्हत्या.

जूनमध्ये देमेत्रिओनं गुन्हा कबूल केला. दुसरं करणार काय? उबाल्दोची बायको उभी राहिली. लहानशी बाई, हातात नवऱ्याची टोपी. म्हणाली, "तीस वर्षांत त्यांच्या बसला एक ओरखडा आला नाही. मी जेवायला थांबले होते." एवढंच बोलली. अख्खं कोर्ट खाली बघायला लागलं.

हार्गिस देमेत्रिओकडे बघून म्हणाले, "तुझ्या आजीचा निरोप घ्यायला मी तुला सोडलं. मिसेस चावेस यांना निरोप घ्यायला मिळाला नाही." आणि पंधरा वर्षं. एक दिवस कमी नाही. देमेत्रिओची मुलगी मागच्या बाकावर कसलंसं गाणं म्हणत बसली होती, तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

गावानं हार्गिसना शिव्या घातल्या. परका, निर्दय, आमच्या लोकांचा वैरी, काय काय. ओर्लिंडाला मात्र सगळे दुवा देत. जिथं म्हणून ती प्रार्थना सांगायला जाई तिथं कुणीतरी बोलायचंच, "असली बाई प्रत्येकाच्या वाट्याला यावी. पोराचं जे व्हायचं ते झालं, पण हिच्यामुळं म्हातारीला खांदा तरी मिळाला." नकोपत्राची भानगड गावात कुणाला कळलीच नव्हती. कळणार कशी? ती भानगड आम्हा चौघा-पाचांची, कागदावरची. ओर्लिंडा मान खाली घालून ऐकायची आणि जपमाळ सुरू करायची. मी एकदा चिडून म्हटलं, "सांगून टाक ना सगळ्यांना! का गिळतेस?" ती म्हणाली, "आधी देमेत्रिओला सांगायला पाहिजे. त्याला अजून वाटतंय वरच्या कोर्टानं घात केला."

शिक्षेला वर्ष उलटून गेल्यावर, ऑक्टोबरात, आम्ही गेलो. कैदखाना दक्षिणेला, तीन तासांवर. गाडी मी चालवली, तिची नजर अधू झाली होती. वाटेत तिनं एकदाच तोंड उघडलं, पेट्रोल भरताना, "त्याला बिस्किटं चालतील का आत?" म्हणून. चालत नव्हती. मी तिला तसं सांगितलं. दालचिनीच्या बिस्किटांचा डबा मांडीवर तसाच धरून ती बसली.

भेटीला एकालाच सोडत होते. मी गाडीत बसले. वाऱ्यानं धूळ उडत होती, कुंपणाच्या तारेला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून फडफडत होत्या. मनात मी जुळवणी करत होते. आज हिला सांगायचंच. नोकरी सुटून आठ महिने झाले होते, पेन्शन चालू झाली होती, आता मला कुणाच्या बापाची भीती?

ती वीस मिनिटांत परत आली. भेट तासाची होती. दार उघडून बसली, पट्टा लावला, डबा पुन्हा मांडीवर घेतला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

मी चावी फिरवली नाही. म्हटलं आता नाही तर कधीच नाही.

"ओर्लिंडा, मला तेव्हाच कळलं होतं. खिडकीत. तुझा कागद वाचला तेव्हाच. मी बोलायला पाहिजे होतं आणि मी बोलले नाही. माझ्या नोकरीसाठी गप्प बसले मी. थोबाडीत मार मला."

ती काचेतून समोर बघत होती. तिनं मला थोबाडीत मारलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा हात थांबला होता."

"मग तू आजवर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझा हात थांबला आणि मला आठवलं."

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणते आहे.

"घरून निघताना डोक्यातच नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं," ती म्हणाली. "शवपेटीत ती एकटी पडली होती, तिचे केस नीट बसत नव्हते, तेवढंच डोक्यात. पण तुझा हात थांबला आणि मला लख्ख आठवलं. सातवा दिवस. पिशवीत नकोपत्र होतं, माझ्या काखेत होती पिशवी. कागद तुझ्या हातातच होता, शिक्का पडला नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, दे परत."

"आणि तू म्हणालीस, मार."

"म्हणाले."

"का? बाई गं, का?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "वाटलं, हार्गिसना दया येईल. वाटलं, सरकारी बाईच्या लक्षात यायचं नाही. काहीबाही वाटलं. खरं ते असं, की मी तिच्या घरून सांगून निघाले होते, पोराला घेऊन येते म्हणून. तिच्या कानात सांगितलं होतं. कागद परत घेतला असता तर क्लेओफासला जाऊन काय सांगितलं असतं मी?"

मला संताप आला. तिचा आला, माझा आला, सगळ्याचाच आला. मी ओरडलेच, "क्लेओफास मेली होती, ओर्लिंडा!"

"हो," ती म्हणाली. "तोही आत्ता तेच म्हणाला."